वरच्या अकरा पायऱ्या

नाशिक, रविवार, ता. ७ फेब्रुवारी १९३७

चि. वाल्मीक,

आशीर्वाद आधीच लिहून टाकतो. पत्र वाचून झाल्यावर ते तुला हवेसे वाटतील की नाही, सांगता येत नाही.

चार महिने तुला माझे पत्र नाही. त्याबद्दल माफ कर. आजारी नव्हतो, आणि शाळेचे कामही दर वर्षीइतकेच होते. तुझे ऑक्टोबरातले पत्र आले, ते मी टेबलाच्या खणात ठेवले आणि रोजनिशीच्या तळाशी ‘उद्या: वाल्मीकला उत्तर’ असे लिहीत राहिलो. उद्याचे एकच काम लिहून दिवस संपवायची माझी सवय तुला ठाऊकच आहे. “दादा, दोन कामं लिहिलीस तर शाई संपते का?” असे तू विचारायचास. काल मागची पाने चाळली. तेच एक काम सत्तावन्न वेळा लिहिलेले सापडले.

परवा तुझे दुसरे पत्र आले. त्यात वर ‘दादा’ नाही. ‘श्रीयुत रंगनाथराव यांस’ आहे. खाली पदवी पुरी व्हायला काय काय लागते त्याची यादी आहे. जर्मन लोकांचे काम कसे नेटके असते ते त्या यादीवरून कळले. प्रबंध दाखल झाला, दोन्ही परीक्षकांचे अभिप्राय आले. तोंडी परीक्षा चौदा एप्रिलला. ती पार पडली तरी प्रबंधाच्या छापील प्रती ग्रंथालयात पोचेपर्यंत नावामागे डॉक्टर लावायचे नाही. प्रबंधाच्या शेवटी स्वतःचे अर्ध्या पानाचे चरित्र. मग तुझी शपथ: हे काम मी स्वतः केले, आणि यात ज्याची ज्याची मदत झाली त्याचे नाव मी लपवलेले नाही. शेवटचे कलम माझ्यासाठी आहे. ज्या नोंदी उमेदवाराने स्वतः घेतल्या नाहीत, त्या घेणाऱ्याने मूळ वही आणि सहीचे पत्रक पाठवायचे. पत्रक तू टाइप करून पाठवले आहेस. ‘वहीतील प्रत्येक नोंद मी जागेवर हजर राहून, स्वतःच्या डोळ्यांनी पाहून, त्याच वेळी केली आहे.’ जिथे सही करायची तिथे तू पेन्सिलीने बारीक फुली मारली आहेस.

वही कापडात बांधून तयार आहे. दोन पावसाळ्यांचे दोनशे चव्वेचाळीस दिवस. एरवी सकाळ-संध्याकाळ, आणि आपली गोदा-गंगा चढू लागली की सकाळी सहापासून दर तीन तासांनी. वरच्या बंधाऱ्यावरून किती पाणी सुटले त्याचे सरकारी आकडे मी उतरवून तुला धाडत होतो, आणि तेच पाणी आपल्या घाटाशी किती चढले ते पट्टीवर वाचत होतो. तुझ्या प्रबंधातले नाशिक म्हणजे ही वही.

आज दुपारी सही करायला बसलो. टाक दोनदा बुडवला, दोनदा पुसला.

ऑक्टोबरात तू लिहिले होतेस ते मला पाठ झाले आहे. ‘आई अकरा ऑगस्टला दुपारी बाराच्या सुमारास गेली असे तूच कळवलेस. तू धाडलेल्या वहीच्या नकलेत त्याच दिवशी, दुपारी बारा वाजता, चौदा फूट, आणि पुढे तुझी आद्याक्षरे. म्हणजे आई शेवटचा श्वास घेत होती तेव्हा तू घाटावर उभा राहून पट्टी वाचत होतास. एवढी सेवा मी मागितली नव्हती.’

त्याला उत्तर द्यायचे आहे, आणि फुलीवर सही करायची की नाही तेही ठरवायचे आहे. ही दोन उत्तरे वेगळी असती तर पहिले मी कधीच दिले असते. परदेशी टपाल शुक्रवारी इथून निघते. तोवर रोज थोडे लिहितो. आज एवढेच जमते आहे.


सोमवार, ता. ८

शाळेतून आलो तसा बसलो आहे.

वाल्मीक, अकरा तारखेला दुपारी मी घाटावर नव्हतो. आईजवळ होतो.

सकाळी सहाची नोंद माझी आहे. पट्टीवर नऊ फूट दोन इंच. परत आलो तर आईचा श्वास बदललेला. तुझी वहिनी म्हणाली, “आता कुठे जाऊ नका.” मी उशी काढून आईचे डोके मांडीवर घेतले. सातच्या सुमारास अंबूबाई दारात आली. ही बाई तू गेल्यावर घाटावर बसू लागली, म्हणून तुला ठाऊक नाही. पन्नाशीची असेल. पायऱ्यांवर टोपली मांडून फुले आणि दिवे विकते, आणि त्याआधी आपल्या गल्लीत घरोघरी पूजेची फुलपुडी टाकते. तिने आत पाहिले आणि फुलपुडी हळूच कोनाड्यात ठेवली.

मी विचारले, “गंगा कशी आहे?”

“लय चढतीय, मास्तर. तुमची पट्टी बुडंल आता.”

पट्टी दहा फुटांची. ती बुडाली की मी पायऱ्या मोजून उंची काढणार, हे मी आधीच ठरवून ठेवले होते. मी अंबूबाईला म्हणालो, “आजचा दिवस एवढं करा. कचेरीचे नऊ, बारा, तीन आणि सहाचे टोले पडले की वरून किती पायऱ्या कोरड्या आहेत ते बघून ठेवा.”

ती म्हणाली, “त्यात काय बघायचं? पाणी चढलं की मी एक पायरी वर सरकती. माझं बूडच मोजतंय.” मग तिने आईकडे पाहिले. “तुम्ही हितंच बसा,” म्हणाली, आणि गेली.

नऊचे टोले पडले तेव्हा आईने डोळे उघडले. “गंगा कुठवर आली?” म्हणाली. मी म्हणालो, “बारा फूट, आई.” मला ठाऊक नव्हते. काहीतरी सांगायचे म्हणून सांगितले. त्या दिवसाची पहिली खोटी नोंद वहीतली नाही, ही आहे. आई म्हणाली, “मग इथे काय बसलास? जा, बघून ये. वाल्मीकला कळवायचंय ना?” मी गेलो नाही. तिचे शेवटचे सांगणे मी मोडले. त्यानंतर ती बोलली नाही.

अंबूबाई आली ती दिवेलागणीला. तोवर आईला पोचवून आम्ही परतलो होतो. तिच्या हातात झेंडूच्या चार लहान माळा होत्या. तिला अंक लिहिता येत नाहीत. प्रत्येक टोल्याला जितक्या पायऱ्या कोरड्या, तितकी फुले तिने ओवली होती, आणि कोणती माळ कितव्या वेळची ते कळावे म्हणून दोऱ्याच्या टोकाला एक, दोन, तीन, चार गाठी मारल्या होत्या. तुझ्या वहिनीला हे माहीत नव्हते. आईसाठीच आणल्या असे समजून तिने त्या दिव्यापाशी ठेवल्या.

मी तिथे बसून फुले मोजली. नऊ, पाच, चार, सात. भेटायला आलेल्या माणसांना वाटले, मी जप करतो आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घाटावर गेलो, हे मात्र खरे. तेवढा तुझा आरोप मला मान्य आहे.

त्या चार नोंदींपुढे मी माझी आद्याक्षरे का घातली? सगळ्या नोंदी एकाच हाताच्या हव्यात असे तू बजावले होतेस, हे एक कारण मी स्वतःला दिले. ते खोटे नाही, पण पुरेसे नाही. तुझ्या प्रोफेसरांपुढे एका फुलवालीच्या माळा मांडायची मला लाज वाटली. वीस वर्षे मुलांना सांगतो आहे की उदाहरण कसे सोडवले ते दाखवल्याशिवाय उत्तराला गुण नाहीत. स्वतः मात्र उत्तर तेवढे लिहिले आणि रीत खोडली.


बुधवार, ता. १०

काल लिहिले नाही. काल सकाळी शाळेआधी मोजपट्टी घेऊन घाटावर गेलो होतो. जे दिसले ते दिवसभर कुणाला सांगितले नाही. वहिनीलाही नाही.

सोमवारी तुला खरे लिहून झाल्यावर बरे वाटले होते. वाटले, माळांची हकिकत पत्रकात घालू. नोंदी बाईच्या असल्या तरी आकडे खरे आहेत, फार तर थोडा खुलासा लागेल. मग मनात आले, पायऱ्यांचे माप पत्रकात द्यावे लागेल, तर ते एकदा नीट घेऊन यावे. पाणी आता पार खाली आहे, सगळ्या सव्वीस पायऱ्या उघड्या आहेत.

पट्टी बसवली तेव्हा तिच्या शेजारच्या पंधरा पायऱ्या मी मोजल्या होत्या. प्रत्येक आठ इंच. पंधरा आठे एकशेवीस इंच, म्हणजे दहा फूट, म्हणजे पट्टीचे टोक. इतके चोख जुळले की वरच्या अकरा पायऱ्याही आठ इंचीच असणार असे मी धरले. धरले, मोजले नाही. सव्वीसातून कोरड्या वजा करायच्या आणि आठाने गुणायचे, हे माझे गणित.

काल खालून सोळाव्या पायरीला मोजपट्टी लावली. दहा इंच. सतराव्या, अठराव्या पायरीला लावली. अकराही दहा इंची निघाल्या.

मी तिथेच बसलो. पट्टीची डागडुजी करायला इसाक मिस्त्री आला होता, तो म्हणाला, “काय मास्तर, तब्येत बरी नाही काय?”

“इसाकभाई, या वरच्या पायऱ्या उंच आहेत.”

“हां. मग?” मी जणू सूर्य उगवल्याची बातमी दिली होती. “खालच्या पंधरा माझ्या आज्याने बसवल्या. कुणा सावकाराने पैसे दिले होते. वरच्या त्याच्याही आधीच्या, एका बाईने नवऱ्याच्या नावाने बांधलेल्या. तिचा गवंडी वेगळा, त्याचा गज वेगळा. घाट काय एका माणसाने बांधला? ज्याने जेवढं दान केलं, तेवढा त्याचा तुकडा. त्या काळी लोकांचे गुडघे मजबूत होते, मास्तर.”

“मला कधी कळलं कसं नाही?”

“रोज चढता ना तुम्ही? आकड्याला कशाला विचारता, गुडघ्याला विचारायचं.” आणि हसला.

गुडघ्याने सांगितले होते, वाल्मीक. वरच्या पायऱ्या आल्या की दमायला होते असे मी रोजनिशीत दोनदा लिहिले आहे. चाळिशी उलटल्याचे ते लक्षण आहे असे समजलो होतो.

आता खरे आकडे लिहितो. वहीत नऊची नोंद अकरा फूट चार इंच आहे, ती अकरा फूट आठ हवी. बाराची चौदा फूट, ती पंधरा हवी. तीनची, म्हणजे पुराच्या माथ्याची, चौदा फूट आठ इंच आहे. ती पंधरा फूट दहा इंच हवी. सहाची बारा फूट आठ, ती तेरा फूट चार.

माथ्यावर चौदा इंच चुकले आहेत. अंबूबाईचे एकही फूल चुकलेले नाही. बी. ए.ला गणित घेतलेल्या माणसाचे चुकले आहे.

आणि दोन पावसाळ्यांत मोठा पूर तो एकच. सुटलेल्या पाण्यावरून घाटाची उंची सांगणाऱ्या तुझ्या आलेखातल्या रेषेचा वरचा अर्धा भाग त्या एका दिवसावर उभा आहे. सप्टेंबरात तू किती आनंदाने लिहिले होतेस! ‘तीनचा बिंदू रेषेवर बरोबर बसला. जुने प्रोफेसर गेल्यापासून मला इथे कुणी वाली नव्हता. नव्यांनी आज तो आलेख पाहिला आणि पहिल्यांदा खुर्ची दिली.’ तो बिंदू आता रेषेवर नाही. चौदा इंच वर लोंबकळतो आहे.


गुरुवार, ता. ११

उद्या दुपारच्या टपालाने हे गेले पाहिजे. आज सगळे संपवतो.

सकाळी तुझ्या वहिनीला सांगितले. ती तांदूळ निवडत होती. ऐकून घेतले आणि म्हणाली, “भाऊजींना एवढंच लिहा, की तुम्ही सासूबाईंजवळ होता. त्यांच्या मनातली अढी जाईल. पाण्याचं कशाला काढता?”

“आईजवळ होतो म्हटलं, की नोंदी कुणाच्या, हे आलंच.”

“मग लिहा, बाईने बघितलं. पायऱ्यांचं नका लिहू. तो जर्मन साहेब काय इथे पट्टी घेऊन येणार आहे?”

“नाही येणार.”

“मग?” तिने सूप खाली ठेवले. “त्यांना तिथे जाऊन पाच वर्षं झाली. जूननंतर तिथे राहायची परवानगी नाही असं त्यांनीच लिहिलंय. हात हलवत परत आले तर गावात तोंड कसं दाखवतील? तुमचं मन हलकं व्हावं म्हणून त्यांनी बुडायचं?”

मी टोपी घातली आणि शाळेला निघालो. प्रामाणिकपणाची हौस मला आहे, हे ती ओळखून आहे. त्या हौसेची किंमत दुसऱ्याने द्यायची, हे मला दिवसभर टोचले. वर्गात फळ्यावर एक उदाहरण अर्धे सोडवून थांबलो.

तुला सांगायचे एक राहिले आहे. ते टाळून बाकी सगळे लिहिले, हे आत्ता मागची पाने वाचताना लक्षात आले.

जुलैत तू तुझे सूत्र मला पाठवले होतेस. पहिल्या वर्षाच्या लहान पुरांवरून काढलेले. आईचे दिवस झाल्यावर बंधाऱ्याचे आकडे आले, तेव्हा मी ते तुझ्या सूत्रात घालून पाहिले. तीन वाजताची उंची चौदा फूट सात इंच यायला हवी होती. माझ्या गुणाकाराने चौदा फूट आठ आली होती. एका इंचाचा फरक! मी टेबलावर मूठ आपटली. घरात आई नाही, आणि मी मूठ आपटली. वहिनी धावत आली, तिला वाटले मला रडू आवरत नाही.

उत्तर जुळले म्हणून मी वरच्या पायऱ्या मोजायला गेलो नाही. जुळले नसते तर दुसऱ्या दिवशीच गेलो असतो. सप्टेंबरातच तुला खरा आकडा मिळाला असता, आणि प्रबंध बदलायला तुझ्या हाती सात महिने असते. आज दोन आहेत. ही चूक मापाची म्हणून मी बुधवारी लिहिली. ती मापाची नाही. माझ्या भावाचे खरे ठरावे या घाईची आहे.

तुझी वहिनी म्हणते तसे तो साहेब येणार नाही. पण तुझे सूत्र घेऊन कुणीतरी येईल. तेवढ्यासाठीच तर तू ते काढलेस. पुलाची कमान किती उंच घ्यायची, पहिले घर पाण्यापासून किती वर बांधायचे, ते लोक तुझ्या रेषेवरून बघतील आणि चौदा इंच कमी धरतील. आपल्या घाटावर चौदा इंच म्हणजे दीड पायरीसुद्धा नाही. कुणाच्या तरी घरात तेवढ्याने पाणी बाळाच्या पाळण्यापर्यंत पोचेल.

शाळा सुटल्यावर मी अंबूबाईकडे गेलो. टोपली आवरत होती. पत्रकात तिचे नाव घालायचे म्हणजे तिला विचारायला हवे. मी सगळे समजावले. माळा, पायऱ्या, तुझी परीक्षा.

ती म्हणाली, “म्हंजी मी चुकले का?”

“नाही. तुम्ही बरोबर मोजलंत. मी चुकलो.”

“एवढे शिकून?” हे तिने टोमणा म्हणून म्हटले नाही. खरेच विचारले. मग म्हणाली, “त्या दादाचं काय व्हईल?”

“कदाचित पुन्हा करावं लागेल. कदाचित पदवी हुकेल. माहीत नाही.”

“त्याला लय राग यील तुमचा.”

“आधीच आहे. आई गेली तेव्हा मी घाटावर होतो असं त्याला वाटतं.”

तिने टोपली खाली ठेवली. “कोण म्हणतं? मी सकाळी पाह्यलंय. म्हातारीचं डोकं तुमच्या मांडीवर व्हतं, अन् तुम्ही पदराने वारा घालत व्हता. तिच्याच पदराने. पुरा दिवस पायऱ्यांवर मीच व्हते, तुम्ही एकदाबी आला नाय. घाला की ते कागदावर.”

“तुमचा अंगठा लागेल त्याला.”

“मंग लावीन की. फुलं ववली ती ह्याच अंगठ्यानं.” मग म्हणाली, “पण परमुलखात माझ्या अंगठ्यावर कुणी इस्वास ठेवंल?”

मी म्हणालो, माझ्या सहीवर ठेवला होता.

घरी येऊन तू पाठवलेले पत्रक मी तसेच ठेवले आणि नवे लिहायला घेतले. इंग्रजीत एक, मराठीत एक. दोनशे त्रेचाळीस दिवसांच्या नोंदी आणि अकरा ऑगस्टची सकाळची नोंद माझी. त्याखाली माझी सही झाली आहे, टाक या खेपेला अडला नाही. त्या दिवसाच्या उरलेल्या चार नोंदी अंबूबाई, राहणार नाशिक, फुले विकण्याचा धंदा, यांच्या. मोजण्याची रीत: कोरड्या पायरीला एक फूल. मग सव्वीस पायऱ्यांची एकेक उंची, आणि माझी चूक कुठे झाली ते दोन ओळींत. सर्वांत खाली तिचे म्हणणे, तिच्याच शब्दांत: त्या दिवशी सकाळी रंगनाथमास्तर आईजवळ बसलेले मी पाहिले, आणि त्यानंतर पूर चढत असताना ते घाटावर आले नाहीत. तुझ्या परीक्षकांना त्या शेवटच्या ओळीशी काही कर्तव्य नाही. ती तुझ्यासाठी आहे.

तुझे टाइप केलेले पत्रकही सोबत आहे, कोरे. पेन्सिलीची फुली तशीच आहे. ते खोडून टाकावे असे वाटले होते, पण ते तुझे आहे. माझी सही त्यावर तुला मिळणार नाही. नव्या पत्रकाचे काय करायचे ते तू ठरव. चौदा एप्रिलपूर्वी ते दाखवायचे, की मुदत मागायची, की रागाने फाडायचे. फाडलेस तर मी पुन्हा लिहून पाठवीन. शपथ तुला घ्यायची आहे. मदत करणाऱ्याचे नाव तू लपवलेस असे होऊ नये, एवढ्यापुरते नाव मी तुझ्या हाती देतो आहे.

रेषा नव्याने काढायला बसलास तर एक सांगतो. पूर जसा चढत गेला तसा तुझा अंदाज खालीच पडत गेला आहे. नऊला थोडा, बाराला जास्त, तीनला सर्वांत जास्त. आपल्या काठापाशी पात्र अरुंद होते, हे तुझ्या सूत्रात आले आहे का? तू लहानपणी पोहायचास तिथेच, वळणाच्या अलीकडे. मी इंजिनिअर नाही, चुकत असेन. पण आता आकडा खरा आहे, तो काही सांगत असेल.

आईच्या दिव्यापाशी ठेवलेल्या त्या चार माळा वाळून गेल्या आहेत. टाकल्या नाहीत. फुलांचा चुरा झाला, पण दोरे शाबूत आहेत, गाठींसकट. परीक्षकांना पुरावा म्हणून हवे असतील तर कळव.

पूर्वी तू ज्या नावाने हाक मारायचास त्याच नावाने सही करतो. तुला पटले नाही तर वाचताना गाळ.

दादा

उद्या: शाळेतली शिक्क्याची शाई घेऊन अंबूबाईकडे जाणे.